मदत हवी आहे: कच्च्या कैदेतल्या भाच्याच्या सुटकेसाठी

नमस्कार मंडळी, मी कळव्याला राहते. माझा भाचा चोरीच्या केसमध्ये वर्षाहून जास्त काळ आत आहे. पहिलीच केस, खटला अजून उभाच राहिलेला नाही. तुरुंगात भेटायला गेले तर त्याच्या बोटांच्या बेचक्यांत खरूज, खाजवून रक्त आलेलं. बराकीत कूस बदलायला जागा नाही म्हणतो. गुन्हा सिद्ध होण्याआधीच ही शिक्षा का?

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटले कसे चालवायचे त्याचा कायदा) कलम ४७९ प्रमाणे, पूर्वी कधी शिक्षा न झालेल्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की बंधपत्रावर, म्हणजे कोर्टात हजर राहण्याच्या लेखी हमीवर, सोडायचं असतं. अर्ज तुरुंग अधीक्षकांनीच करायचा. याच्या कलमाला कमाल ३ वर्षं आहेत, तरी अर्ज गेलेला नाही.

ठाणे कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील कोणी घेतलाय का? कागदपत्रं काय लागली? आणि खरजेच्या उपचारासाठी कोर्टाचा आदेश मिळतो का? ते आधी सांगा.