Re: यावलकडचा जुना डोम घ्यावा का?
भाऊ, डोम म्हणजे त्रिकोणी तुकडे जोडून केलेलं हे घुमटाकार घर घ्या, पण आधी नुसती शिंगल्स (छपरावर ठोकायच्या पातळ चपट्या) मारून गळती थांबेल हे डोक्यातून काढा. असे डोम लोकप्रिय करणाऱ्या बकमिन्स्टर फुलरसाहेबांचं स्वतःचं अमेरिकेतल्या कार्बनडेलचं डोम घर, १९६० चं, प्लायवूडच्या त्रिकोणांचं, तेही गळायचंच, कारण डोमला सांधे फार, आणि आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्रीत तापून ते सांधे फुगतात, रात्री आवळतात, सांध्यात भरलेला सीलंट तडकतो, मग पहिल्याच पावसात पाणी आत. आणि पाणी जिथे टपकतं तिथेच भोक असतं असं नाही बरं का, ते लाकडाच्या पट्टीच्या आतून घरंगळत खाली येतं, म्हणून तपासणी वरून सुरू करा. हब म्हणजे जिथे पट्ट्या एकत्र येतात तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, सहज आत गेला तर प्लाय कुजलाय, तो त्रिकोण बदलायचाच.

दुसरं म्हणजे पाया. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पायाची गोल रिंग एका बाजूने जरी खचली तरी वरचे सगळे सांधे उघडतात. मुरमापर्यंत खोदलंय का ते विचाराच.

गरमीचं म्हणाल तर वरच्या टोकाला उघडणारी खिडकी हवीच, नाहीतर माळ्यावर दुपारी बसवत नाही. आपली धाब्याची घरं जाड मातीमुळे थंड राहायची, डोमचं कवच पातळ, तिथे इन्सुलेशनवर (उष्णता अडवणाऱ्या थरावर) पैसे वाचवू नका प्लीज.

कपाटं मात्र सुताराकडूनच करून घ्यावी लागतील, रेडीमेड गोल भिंतीला लागत नाही.