कमी बजेटमध्ये पहिली अकूस्टिक गिटार: दुकानात काय तपासायचं?

प्रश्न (नवशिका_६तारा):
स्टीलच्या तारांची गिटार घ्यायची आहे, बजेट बेताचं आहे. एकाच किमतीच्या दोन गिटारी समोर आहेत. एक अगदी साधी, तिच्यावर 'सॉलिड स्प्रूस टॉप' (स्प्रूस हे लाकूड) लिहिलंय. दुसरी कटअवेची (मानेजवळ कोपरा कापलेली), चकचकीत, आत पिकअप (आवाज स्पीकरकडे पाठवणारा) आणि सूर जुळवायचा ट्यूनर, तिच्यावर 'सिलेक्ट स्प्रूस' लिहिलंय. फरक काय? वाजवता येत नसताना तपासायचं तरी कसं?

लाकूडवेडा:
साधी घ्या. 'सॉलिड' म्हणजे वरची फळी अखंड लाकडाची. 'सिलेक्ट' म्हटलं की बहुतेक वेळा प्लायच असतो, वर फक्त स्प्रूसचा पातळ थर. गिटारचा नाद मुख्यतः याच फळीच्या थरथरण्यातून येतो. अखंड फळी मोकळी थरथरते आणि वर्षागणिक आणखी खुलते. प्लाय सहसा आहे तसाच राहतो. मागची बाजू आणि कडा प्लायच्या असल्या तरी चालतील, या किमतीत तसंच मिळतं. यामाहा एफजी८०० मध्ये सॉलिड स्प्रूस टॉप आहे, एफ३१० मध्ये नाही; दिसायला दोन्ही सारख्याच.

लेबलवर विसंबू नका. साउंडहोलच्या (वरच्या फळीतल्या गोल भोकाच्या) कडेला टॉर्च मारा. वरच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरत असतील तर फळी अखंड. सँडविचसारखे आडवे थर दिसले तर प्लाय. कड रंगवलेली असेल तर मात्र या युक्तीने कळणार नाही.

पिकअपचे पैसे आत्ता घालवू नका. तो नंतरही बसवता येतो, वरची फळी बदलता येत नाही.

सेटअपवाला:
लाकडाचं पटलं, पण नवशिका गिटार सोडतो तो बोटं दुखतात म्हणून. चांगल्या फळीची गिटारसुद्धा तारा उंच असतील तर कोपऱ्यात पडून राहते. म्हणून छोटी स्टीलची पट्टी सोबत न्या आणि याच क्रमाने बघा.

आधी मान. सहावी (जाड) तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) एकदम दाबा. सातव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमध्ये ०.२ ते ०.३ मिमी फट हवी, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) पाव फेरा आवळून घेता येतो, पण ते काम दुकानदाराला करू द्या.

मग बाराव्या फ्रेटवरची उंची: सहाव्या तारेखाली साधारण २.५ मिमी, पहिलीखाली २ मिमी. नंतर नट, म्हणजे मानेच्या टोकाची खाचांची पट्टी. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली की पहिल्या फ्रेटवर केसाएवढीच फट उरली पाहिजे. इथे खाच उथळ राहिली असेल तर एफ कॉर्ड (एकत्र वाजवायचे काही सूर) कितीही रियाज करून लागणार नाही, आणि दोष बोटांचा नसतो.

शेवटी प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकेकदा छेडा. तंबोऱ्याला जवारी शोभते, गिटारवर तसा झण्ण आवाज आला तर एखादा फ्रेट वर आलाय. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) ट्यूनरवर जुळवा. नव्या तारांवरही ठळक फरक राहिला तर गिटार वरच्या फ्रेट्सवर बेसूर वाजणार.

नवशिका_६तारा:
सॉलिड टॉपवाली मोजली. सातव्या फ्रेटपाशी कार्ड जेमतेम सरकतं. पण बाराव्यावर सहाव्या तारेखाली साडेतीन मिमी! सॅडल (तारा टेकतात ती पट्टी) घासून खाली घेता येईल ना?

सेटअपवाला:
सॅडल ब्रिजच्या (वरच्या फळीवर चिकटवलेल्या लाकडी तुकड्याच्या) वर किती मिमी दिसतंय, ते आधी सांगा.

नवशिका_६तारा:
जेमतेम दोन.

सेटअपवाला:
मग ही गिटार घेऊ नका. बाराव्यावर १ मिमी उतरवायला सॅडल २ मिमी घासावं लागतं, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो. तुमच्याकडे दोनच आहेत, म्हणजे सॅडल ब्रिजला टेकणार आणि आवाज बसणार. मान सरळ असूनही उंची इतकी, म्हणजे मानेचा कोन चुकलाय किंवा टॉप फुगलाय. कोन सुधारायचा तर मान काढून पुन्हा बसवावी लागते, आणि ते काम या किमतीच्या गिटारीला परवडत नाही.

लाकूडवेडा:
त्याच मॉडेलचा दुसरा नग मागा. एकाच कारखान्यातल्या दोन नगांत एवढा फरक सहज असतो. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून बघा. आत शिरला तर ब्रिज सुटायला लागलाय, तोही नग परत.