ईटा गरुडाचे अंतर जास्त येते: धुळीची दुरुस्ती कशी करावी?

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात नववीचे विद्यार्थी ईटा गरुड या सेफीड रूपविकारी (ठरावीक काळाने तेज कमी-जास्त होणाऱ्या) ताऱ्याची निरीक्षणे घेत आहेत. बीटा गरुड (प्रत म्हणजे तेजाचे माप, ३.७) आणि आयोटा गरुड (प्रत ४.४) यांच्याशी तुलना करून काढलेल्या आलेखात तारा झपाट्याने उजळून सावकाश मंदावताना दिसतो, आणि आवर्तकाल ७.१८ दिवसांशी जुळतो. मात्र आवर्तकाल-तेजस्विता संबंधावरून (आवर्तकाल जितका मोठा तितका तारा मूळचा तेजस्वी) निरपेक्ष प्रत, म्हणजे मूळ तेज, उणे ३.७ आणि सरासरी दृश्य प्रत ३.९ धरल्यास अंतर सुमारे १,०८० प्रकाशवर्षे येते. प्रकाशित अंतर ९०० प्रकाशवर्षांच्या आसपास आहे. आकडेमोड पुन्हा तपासली आहे. सोयाबीनच्या मळणीची धूळ सध्या हवेत असते खरी, पण तुलनेचे तारे शेजारीच असल्याने तिचा परिणाम तिन्हींवर जवळपास सारखाच होतो. त्यामुळे संशय आंतरतारकीय (ताऱ्यांमधल्या) धुळीवर आहे, कारण तिच्यामुळे तारा मंद आणि म्हणून दूर भासतो. आमच्याकडे केवळ १०×५० ची द्विनेत्री आहे. फिल्टर नसल्याने रंग मोजता येत नाही. अशा वेळी प्रकाशित रंगनिर्देशांकावरून (दोन फिल्टरांतून मोजलेल्या प्रतींच्या फरकावरून) दुरुस्ती काढणे ग्राह्य ठरेल का, आणि देवयानी दीर्घिकेतील सेफीडांसाठी आपल्या आकाशगंगेतील व तिथली धूळ स्वतंत्रपणे वजा करावी लागते का?