हलाखा, तेशुवा : मराठीत काय लिहावं?

प्रश्न : बाराव्या शतकातले ज्यू धर्मपंडित रब्बी मोशे बेन मैमोन, म्हणजे रामबाम, यांच्या ग्रंथांवर टिपण लिहितोय. दोन शब्दांशी अडलंय. ‘हलाखा’ला, म्हणजे ज्यूंच्या धर्मनियमांना, ‘चालीरीत’ म्हणावं का? हिब्रू धातूही ‘चालणे’ याच अर्थाचा आहे. आणि ‘तेशुवा’ एकीकडे ‘उत्तर’, दुसरीकडे ‘प्रायश्चित्त’ असा दिसतो. काय ठेवू?

उत्तर १ : चालीरीत नको. धातू जुळला म्हणून अर्थ जुळतोच असं नाही. चालीरीतीला हिब्रूत ‘मिनहाग’ हा वेगळा शब्द आहे आणि मिनहाग गावागणिक बदलतो. ‘कायदा’ म्हटलं तर नुसतं कोर्ट डोळ्यांपुढे येतं. मी ‘धर्मशास्त्र’ लिहीन. याज्ञवल्क्यस्मृतीत आचार, व्यवहार, प्रायश्चित्त असे तीन अध्याय आहेत. हलाखाचा पसाराही तसाच. रामबामच्या ‘मिश्ने तोरा’ या नियमसंग्रहाचे १४ खंड चाळा : शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस), लग्न-काडीमोड, खाण्यापिण्याचे निर्बंध, नुकसानभरपाई, साक्षीदार, राजे. यरुशलेमचं मंदिर इ.स. ७० मध्ये पडलं, तरी तिथल्या बळींचे नियमही अकराशे वर्षांनी यांनी बारकाईने मांडलेत.

त्या ग्रंथाला ‘निबंधग्रंथ’ (जुन्या शास्त्रवचनांचा संग्रह) मात्र म्हणू नका. आपला हेमाद्री ‘चतुर्वर्गचिंतामणी’त वचनांवर वचनं देत जातो. रामबामने नेमकं उलट केलं. तालमुद या जुन्या ज्यू चर्चाग्रंथातला खल, कोण काय म्हणालं, सगळं गाळलं आणि सुटसुटीत हिब्रूत निर्णय तेवढा ठेवला. फ्रान्समधल्या प्रोव्हान्सचे रब्बी अब्राहाम बेन दाविद यावरच उखडले : आधार न सांगता निकाल मानायचा कसा? त्यांचे शेरे छापील प्रतींत मजकुराच्या शेजारीच असतात आणि फार तिखट आहेत. तक्रार रास्त आहे, असं माझं मत. वाचायला मात्र रामबामच गोड.

उत्तर २ : ग्रंथाच्या नावावर एक भर. ‘मिश्ने तोरा’ हे शब्द बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातले (१७:१८). ज्यू परंपरेत त्या पुस्तकालाच हे नाव होतं. मराठी बायबलातला ‘अनुवाद’ भाषांतर या अर्थाचा नव्हे, पुन्हा सांगणे या जुन्या अर्थाचा. म्हणजे नाव आपल्याकडे तयारच आहे, पण वाचकाला भाषांतर वाटेल, त्यामुळे मूळ नावच ठेवा.

आता तेशुवा. धातू ‘शूव’, परतणे. प्रश्नाला परत दिलेलं ते उत्तर; पाप सोडून मागे फिरणं तीही तेशुवा. ‘मिश्ने तोरा’तल्या ‘हिलखोत तेशुवा’ (तेशुवेचे नियम) या भागात दुसरा अर्थ आहे. तिथे दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच रामबाम पुऱ्या तेशुवेची खूण सांगतात : तेच पाप करायची संधी पुन्हा आली, अंगात बळही आहे, तरी माणूस करत नाही, आणि तेही भीतीने किंवा थकल्यामुळे नव्हे. इथे ‘प्रायश्चित्त’ लिहिलंत तर कृच्छ्राचे उपास आणि गोदान आठवणार. ‘पश्चात्ताप’ जवळचा, पण तो नुसता मनात राहू शकतो. ‘पापापासून परतणं’ असं उघड लिहा.

प्रश्नकर्ता : आणि रामबामनी लोकांच्या प्रश्नांना लिहिलेल्या उत्तरांना? ‘फतवा’ चालेल?

उत्तर २ : मूळ अर्थाने अगदी बरोबर. विचारणारा विचारतो, जाणकार लेखी मत देतो. पण मराठीत पक्षश्रेष्ठीही फतवे काढतात, त्यामुळे शब्द कामातून गेलाय. ‘निर्णयपत्र’ लिहा. नमुना म्हणून ओबद्याला लिहिलेलं घ्या. हा धर्म बदलून ज्यू झालेला. प्रार्थनेत ‘आमच्या पूर्वजांचा देव’ म्हणू की नको, असं त्याने विचारलं. रामबाम म्हणतात, बेलाशक म्हण. जो कोणी हा धर्म स्वीकारतो तो अब्राहामाचा शिष्य आणि त्याच्याच घरचा. ‘फतवा’ म्हटल्यावर हा सूर कुणाला ऐकू येईल?

उत्तर १ : टिपणात रामबामनी दक्षिण फ्रान्समधल्या ल्युनेलच्या ज्यू पंडितांना लिहिलेलं पत्रही घ्या. त्यात हिंदमधल्या ज्यूंबद्दल म्हटलंय की त्यांना लिखित तोरा (बायबलातली पहिली पाच पुस्तकं) ठाऊक नाही, ते फक्त शब्बाथ पाळतात आणि आठव्या दिवशी सुंता करतात. आपल्याकडे शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंना ‘शनिवार तेली’ म्हणत, हे लगेच आठवतं. पण पत्र त्यांच्याबद्दलच आहे असं ठोकून देऊ नका, गावाचं नाव त्यात नाही.