मदत हवी आहे: लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, स्क्रीन १०२४ च्या पुढे सरकतच नाही

धांदरट (शनिवार, रात्री १०:५२)
दोन दिवस डोकं फोडून घेतेय. लॅपटॉपवर लिनक्स टाकलं. बाकी सगळं चालतंय, फक्त स्क्रीन १०२४ × ७६८ वर अडकलीय. फोटोतले चेहरे पसरट, गोल चिन्हं अंड्यासारखी. सेटिंगच्या खिडकीचं 'लागू करा' हे बटण पडद्याच्या खाली जाऊन बसतं, ऑल्ट दाबून खिडकी वर ओढावी लागते. रिझोल्यूशनच्या यादीत दुसरा पर्यायच नाही. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर टाकला, काढला, परत टाकला. ढिम्म फरक नाही. सोमवारी सकाळी याच लॅपटॉपवरून प्रेझेंटेशन द्यायचंय. 'गुगल करा' म्हणू नका, करून दमले.

सावकाश (रात्री ११:०५)
कुठलं लिनक्स? आवृत्ती कुठली? लॅपटॉपचं मॉडेल? एकच ग्राफिक्स कार्ड आहे की दोन? ड्रायव्हर कुठून टाकला, डिस्ट्रोच्या, म्हणजे तुमच्या लिनक्सच्याच, ड्रायव्हर मॅनेजरमधून की संकेतस्थळावरची रन फाइल उतरवून?

पेंग्विनकाका (रात्री ११:०९)
मित्रा, काही टेन्शन घेऊ नकोस. हे दुखणं मी शंभर वेळा बरं केलंय. टर्मिनल उघड, 'सीव्हीटी १९२० १०८० ६०' असं टाइप कर. एक मोडलाइन, म्हणजे पडद्याच्या मापांची ओळ, मिळेल, १७३.०० या आकड्यानं सुरू होणारी. ती पूर्ण उचल, एक्सरँडआर या पडदा जुळवायच्या कमांडला 'न्यूमोड' लावून चिकटव, मग 'ॲडमोड' करून आपल्या आउटपुटला, म्हणजे पडद्याच्या जोडणीला, जोड. दोन मिनिटांचं काम. मग तेच प्रोफाइल फाइलमध्ये टाकून ठेव म्हणजे दर बूटला आपोआप होईल.

उगाच_एक (रात्री ११:१४)
सोमवारी प्रेझेंटेशन आणि शनिवारी ओएस बदलली? दाद देतो धाडसाला.

धांदरट (रात्री ११:३१)
@सावकाश लिनक्स मिंट २१.३, सिनॅमन डेस्कटॉप. ड्रायव्हर मॅनेजरमधून टाकला, '५३५, शिफारस केलेला' असं लिहिलं होतं तो.
@पेंग्विनकाका मित्रा नाही, मैत्रीण. तुमचं करून बघितलं. न्यूमोडला 'फेल्ड टू गेट साइझ ऑफ गॅमा फॉर आउटपुट डीफॉल्ट' असं आलं आणि ॲडमोडला 'बॅडमॅच'.
ब्राइटनेसची बटणंही चालत नाहीत, पण ते नंतर बघू.

पेंग्विनकाका (रात्री ११:३६)
माफ करा ताई. मोडलाइन टाइप करताना एखादा आकडा चुकला असणार. १९२० २०४८ २२४८ २५७६, मग १०८० १०८३ १०८८ ११२०. परत करून बघा. गॅमाच्या तक्रारीकडे दुर्लक्ष करा, ती नेहमीच येते.

सावकाश (रात्री ११:४८)
नाही येत नेहमी. आणि ती येते तेव्हाच काहीतरी सांगत असते. काका, आउटपुटचं नाव बघा ना: 'डीफॉल्ट'. लॅपटॉपच्या पॅनेलचं नाव ईडीपी-१ असं काहीतरी असायला हवं. डीफॉल्ट दिसतंय म्हणजे खरा ड्रायव्हर जागेवरच नाही. फर्मवेअरनं, म्हणजे लॅपटॉपमधल्या मूळ प्रोग्रामनं, बूट होताना जो फ्रेमबफर (पडद्यावरचं चित्र ठेवायची मेमरी) हातात दिला, त्यावरच सगळा संसार चाललाय. त्याचा आकार फर्मवेअरनं एकदाच ठरवलेला, चालू असताना तो बदलता येत नाही. तिथं मोडलाइन कितीही बरोबर घाला, घेणारच कोणी नाही.

धांदरट, तीन गोष्टी हव्यात:
१. 'एलएसपीसीआय' ही कमांड हायफन के लावून चालवा आणि व्हीजीए, ३डी, डिस्प्ले यांच्याखाली काय येतं ते द्या.
२. प्रॉक फोल्डरमधल्या सीएमडीलाइन फाइलमध्ये काय आहे ते.
३. ग्लेक्सइन्फो, हायफन मोठा बी. त्यात रेंडररसमोर काय लिहिलंय?

बिनधास्त_रूट (रात्री ११:५५)
एवढ्या चौकश्या कशाला? एनव्हिडिया असलं की त्रास होणारच. २०१२ मध्ये लिनक्सचा जनक लिनस तोरवाल्ड्सनं फिनलंडमध्ये, आल्टो विद्यापीठात, भर कार्यक्रमात त्यांना मधलं बोट दाखवलं होतं ते उगाच का? बायोसमध्ये जा, सिक्युअर बूट (सही नसलेला कोड अडवणारी सोय) बंद करा, ड्रायव्हर परत टाका. संपलं.

नवखी_पण_जुनी (रात्री १२:०२)
ते बोट दाखवल्याला एक तप उलटलं हो. २०२२ च्या मे महिन्यात एनव्हिडियानं स्वतःच कर्नल मॉड्यूल्स (लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, जोडले जाणारे ड्रायव्हरचे भाग) मुक्त केली, कोड खुला केला. किती वर्षं तोच किस्सा सांगणार?

बिनधास्त_रूट (रात्री १२:०४)
मुक्त केली, पण ट्युरिंग ही पिढी आणि त्यानंतरच्या चिपसाठी. त्याआधीच्यांनी काय करायचं? आणि वरचा भाग, जो प्रत्यक्ष चित्र काढतो, तो अजून बंदच आहे. वाचत चला.

नवखी_पण_जुनी (रात्री १२:०९)
वाचलंय म्हणूनच सांगतेय. मी तीन वर्षं त्याच बंद ड्रायव्हरवर वेलँड (पडद्यावर खिडक्या दाखवणारी नवी व्यवस्था) चालवतेय, एकदाही पडद्यावरचं चित्र फाटलं नाही. जुनी व्यवस्था एक्स११ कवटाळून बसलात तर दोष कार्डाचा नाही.

बिनधास्त_रूट (रात्री १२:११)
सिनॅमनवर वेलँड? मिंटवाले स्वतः त्याला प्रायोगिक म्हणतात.

सावकाश (रात्री १२:१३)
वेलँडसाठी वेगळा धागा काढा, मी येतो तिकडे भांडायला. आणि सिक्युअर बूट बंद करायचा सल्ला देण्याआधी शेजारी विंडोज आहे का ते तरी विचारा. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, चालू असेल तर तिकडे गेल्यावर रिकव्हरी की मागत बसेल, आणि ती अठ्ठेचाळीस आकडी की कोणाच्या हाताशी असते?

धांदरट (रविवार, सकाळी ८:२०)
विंडोज आहे शेजारी. सांगायचं राहिलं. बिटलॉकर आहे की नाही माहीत नाही, ऑफिसनं सेट करून दिलंय. त्यामुळे बायोसला हात लावणार नाही. विंडोजमध्ये स्क्रीन उत्तम, १९२० × १०८०.

हे घ्या:
व्हीजीए कंपॅटिबल कंट्रोलर: इंटेल यूएचडी ग्राफिक्स ६२०. खाली फक्त 'कर्नल मॉड्यूल्स: आय९१५'.
३डी कंट्रोलर: एनव्हिडिया जीपी१०८एम, जीफोर्स एमएक्स१५०. खाली 'कर्नल मॉड्यूल्स' आणि पुढे एनव्हिडियाची तीन-चार नावं, शिवाय नूव्हो.
ग्लेक्सइन्फोत 'एलएलव्हीएमपाइप'.
सीएमडीलाइनमध्ये लांबलचक आकडे आहेत, ते हवेत का?

मंद_उजेड (सकाळी ८:४१)
ब्राइटनेसच्या बटणांचं मी सांगतो. ग्रबच्या (बूटचा मेनू दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या) ओळीत 'एसीपीआय बॅकलाइट बरोबर व्हेंडर' असं घाला. ते नाही चाललं तर 'नेटिव्ह'. माझं तिसऱ्या प्रयत्नात चाललं होतं. शिवाय रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून रेडशिफ्ट टाका, ४००० केल्विन ठेवा. छान पिवळसर दिसतं.

सावकाश (सकाळी ८:५०)
लांबलचक आकडे नकोत, त्यांच्यानंतरचं हवंय. ओळीच्या शेवटी काय आहे?

@मंद_उजेड थांबा, त्यांना आत्ता आणखी एक ओळ वाढवायला सांगू नका. सिस फोल्डरमधल्या क्लासखालचा बॅकलाइट फोल्डर त्यांच्याकडे रिकामा असणार. ज्या ड्रायव्हरनं दिवा हाताळायचा तोच आलेला नाही.

बाकीच्यांसाठी: त्यांनी दिलेलं नीट वाचा. इंटेलखाली 'कर्नल मॉड्यूल्स' आहे, पण 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळच नाही. म्हणजे आय९१५ (इंटेलचा ड्रायव्हर) डिस्कवर आहे पण कामावर नाही. एनव्हिडियाचीही तीच गत. एलएलव्हीएमपाइप म्हणजे तर सगळं चित्र प्रोसेसर एकटा रंगवतोय. पंखा सारखा ओरडत असेल बघा.

धांदरट (सकाळी ९:०२)
पंखा! हो, परवापासून मिक्सरसारखा. मला वाटलं लिनक्सचं असंच असतं.
ओळीच्या शेवटी: आरओ, क्वाएट, स्प्लॅश, नोमोडसेट.

सावकाश (सकाळी ९:०४)
सापडलं. तो नोमोडसेट कुठून आला?

धांदरट (सकाळी ९:१५)
अरे हो. इन्स्टॉल झाल्यावर पहिल्या बूटला काळी स्क्रीन आली होती, नुसती एक रेघ लुकलुकत होती. मग एका व्हिडिओत बघून ती ओळ टाकली आणि चालू झालं. ती तर उपयोगी ओळ आहे ना? तिच्यामुळेच तर डेस्कटॉप दिसतोय.

पेंग्विनकाका (सकाळी ९:२२)
हे आधी सांगायला हवं होतं ताई. मी रात्री बारापर्यंत मोडलाइनचे आकडे तपासत बसलो.

सावकाश (सकाळी ९:४०)
उपयोगी होती, दहा मिनिटांपुरती. आता तीच आडवी आलीय. नोमोडसेट म्हणजे कर्नलला सांगणं की पडद्याचा आकार ठरवणाऱ्या ड्रायव्हरांना आत घेऊ नकोस, फर्मवेअरनं दिलंय त्यात भागव. ते वाचलं की आय९१५ दारातूनच परत फिरतो.

आणि तुम्ही दोन दिवस चुकीच्या कार्डाच्या मागे लागला होतात. एनव्हिडियासमोर 'व्हीजीए' नाही, '३डी कंट्रोलर' लिहिलंय बघा. म्हणजे त्या चिपला पडद्याकडे जाणारी वाटच नाही. पॅनेलची वायर इंटेलला जोडलेली आहे. एनव्हिडिया गणित करून चित्र इंटेलच्या हवाली करतं, पडद्यावर लावतो इंटेल. ५३५ टाका नाहीतर काढा, रिझोल्यूशनला त्याचं सोयरसुतक नाही.

आधी न बदलता तपासू. रीस्टार्ट करा. विंडोज शेजारी आहे म्हणजे ग्रबचा मेनू दिसतच असेल. मिंटच्या ओळीवर थांबून 'ई' दाबा. 'लिनक्स' शब्दानं सुरू होणाऱ्या ओळीच्या टोकाला जा, नोमोडसेट तेवढा खोडा, एफ१० दाबा. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो. काळं झालं तर बटण दाबून बंद करा, पुढच्या वेळी जुनीच ओळ परत येईल.

धांदरट (सकाळी ९:४६)
पण काळी स्क्रीन नोमोडसेट नसल्यामुळेच आली होती ना? परत नाही का येणार? भीती वाटतेय.

सावकाश (सकाळी ९:५५)
रास्त प्रश्न. त्या वेळी बहुतेक नूव्हो अडकला असावा, एनव्हिडियाचा तो मुक्त ड्रायव्हर, काही लॅपटॉपवर बूट होताना लटकतो. आता तुम्ही ५३५ चं पॅकेज टाकलंय आणि ते येताना नूव्होला काळ्या यादीत टाकतं. तरी धाकधूक असेल तर नोमोडसेट खोडून त्याच जागी 'मॉडप्रोब डॉट ब्लॅकलिस्ट बरोबर नूव्हो' लिहा. मध्ये स्पेस न देता, सगळं लहान लिपीत.

उगाच_एक (सकाळी ९:५८)
मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

धांदरट (सकाळी १०:२७)
आलं!!! १९२० × १०८०! वर्तुळं गोल! ब्राइटनेसची बटणंसुद्धा चालतायत, आणि पंखा गप्प!
पण एनव्हिडिया-एसएमआय ही कार्डाची माहिती देणारी कमांड चालवली तर 'ड्रायव्हरशी संपर्क होत नाही' अशा अर्थाचं काहीतरी येतंय.

सावकाश (सकाळी १०:३५)
छान. आता कायमचं करा: ईटीसी फोल्डर, त्यात डीफॉल्ट, त्यात ग्रब नावाची फाइल. सुडोनं, म्हणजे ॲडमिनच्या हक्कानं, उघडा, 'ग्रब सीएमडीलाइन लिनक्स डीफॉल्ट'समोरच्या अवतरणचिन्हांत फक्त क्वाएट आणि स्प्लॅश राहू द्या. मग 'अपडेट-ग्रब'. ही शेवटची पायरी विसरली की फाइल बदलते, बूट बदलत नाही.

एनव्हिडियाचं दुखणं वेगळं आहे, प्रेझेंटेशनला त्याची गरजही नाही. 'मॉडप्रोब एनव्हिडिया' करून काय म्हणतं ते द्या.

धांदरट (सकाळी १०:४४)
'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'.

नवखी_पण_जुनी (सकाळी १०:५१)
हे सिक्युअर बूट. ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड बनवायला लावला होता ना? आणि रीस्टार्ट केल्यावर निळा पडदा आला होता?

धांदरट (सकाळी ११:००)
आला होता. 'कंटिन्यू बूट' निवडलं. निळं दिसलं की विंडोजचं काहीतरी बिघडलं असंच वाटतं मला.

नवखी_पण_जुनी (सकाळी ११:०८)
तिथं 'एन्रोल मॉक' (मॉक म्हणजे ड्रायव्हरवर सही करायची आपली किल्ली) निवडायचं असतं, मग कंटिन्यू, मग येस, मग तो पासवर्ड. दहा सेकंदांत काही दाबलं नाही तर तो स्वतःच पुढे निघून जातो आणि विनंती रद्द होते. परत मागवायला मॉकयूटिलला 'इम्पोर्ट' लावून व्हार, लिब, शिम-साइन्ड, मॉक या फोल्डरमधली मॉक डॉट डीईआर द्या. नवा पासवर्ड साधा ठेवा, तिथं कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो, चिन्हं इकडची तिकडे होतात. बायोसमध्ये जायची गरज नाही. @बिनधास्त_रूट ऐकताय ना?

बिनधास्त_रूट (सकाळी ११:१५)
ऐकतोय. माझ्याकडे विंडोज नाही, म्हणून मला बंद करणं सोपं वाटतं. एवढंच.

मंद_उजेड (सकाळी ११:३०)
प्रोजेक्टर ४के असेल तर जपून. एचडीएमआय १.४ वर ४के फक्त ३० हर्ट्झनं चालतं, माउस चिखलातून ओढल्यासारखा वाटतो. मी महिनाभर केबललाच शिव्या देत होतो.

धांदरट (दुपारी १:०५)
मॉक झालं, एनव्हिडिया-एसएमआयमध्ये एमएक्स१५० दिसतंय. कर्नल अपडेट झाला की दर वेळी तो निळा पडदा येणार का?

नवखी_पण_जुनी (दुपारी १:१२)
नाही. किल्ली एकदाच नोंदवायची. पुढच्या प्रत्येक कर्नलला डीकेएमएस (ड्रायव्हर नव्यानं बांधणारी यंत्रणा) त्याच किल्लीनं सही करतं.

पेंग्विनकाका (दुपारी १:२०)
ताई, मोडलाइन प्रोफाइल फाइलमध्ये टाकली असेल तर ती काढा हो. नाहीतर दर लॉगिनला तक्रार येत राहील.

धांदरट (दुपारी १:४८)
टाकली होती, काढली काका. आता एकच, अक्षरं फार बारीक दिसतायत, पण त्यासाठी फॉन्टच्या सेटिंगमध्ये टेक्स्ट स्केलिंग १.२ केलं, बरं आहे.
मगाशी तो व्हिडिओ परत उघडला, खाली तक्रार लिहावी म्हणून. अकरा मिनिटांचा आहे. शेवटच्या मिनिटात तो सांगतो, 'ड्रायव्हर बसला की ही ओळ आठवणीनं काढून टाका.' मी सहाव्या मिनिटालाच बंद केला होता.