गाडीत कुबट वास येतोय, कुठून ते सापडत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, पाऊस सुरू झाल्यापासून गाडीत असा काही वास मारतोय की बायको म्हणते रिक्षाने जाऊ. पेट्रोल हॅचबॅक आहे, २०१६ चं मॉडेल, डोंबिवलीत सोसायटीत शेड नाही त्यामुळे करंजाच्या झाडाखाली उघड्यावर उभी असते. वास म्हणजे ओले मोजे पिशवीत बांधून विसरले की जसा येतो तसा. एसी चालू केला की पहिली दोन-तीन मिनिटं एकदम भपकारा येतो, मग जरा कमी होतो, पण पूर्ण कधीच जात नाही. डावीकडे पुढे बसणाऱ्याला जास्त येतो असं सगळ्यांचं म्हणणं.

आत्तापर्यंत केबिन फिल्टर (एसीची हवा गाळणारा) बदलून झाला, आतून वॉशिंग करून घेतलं (त्यानंतर वास वाढला, हे काय गौडबंगाल आहे कळेना), डॅशबोर्डवर जेलचा परफ्यूम ठेवला तर आता मोगरा अधिक मोजे असा मिक्स वास येतो. गॅरेजवाला म्हणतो पूर्ण डॅशबोर्ड खोलून एसीची हवा थंड करणारी कूलिंग कॉइल काढावी लागेल, दोन दिवस गाडी सोडा. एवढं खरंच लागतं का? का आधी घरी काही बघता येईल? आणि उंदीर मेला असेल का अशी पण एक शंका आहे.

घाटवाट: उंदीर नसावा. मेलेल्या उंदराचा वास सहसा असा दोन-तीन मिनिटांत कमी होत नाही, उन्हात गाडी तापली की दार उघडवत नाही आणि माशा येतात. तरी केबिन फिल्टर काढून कुरतडलाय का बघा, लेंड्या आहेत का बघा, नसतील तर तो विषय सोडा. मी एसी बंद करायच्या आधी चार-पाच मिनिटं कॉम्प्रेसर बंद करून नुसता ब्लोअर चालवतो, कॉइल कोरडी होते, बुरशी धरत नाही. पण हे पुढच्यासाठी, आधी आहे तो वास घालवा.

स्पॅनरपाना: दादा, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. डावी बाजू, पावसाळा आणि वॉशिंगनंतर वाढला, म्हणजे कार्पेटखाली पाणी आहे. वरची मॅट नाही, तिच्या खालचं कार्पेट उचला आणि त्याच्याखाली जो फोम असतो तो बोटाने दाबा. वरून खडखडीत कोरडं लागतं आणि खाली पचपच असतं, हे मी कितीतरी गाड्यांत बघितलंय.

पाणी दोनच ठिकाणांहून येतं बहुतेक. एक म्हणजे एसीचं पाणी. कॉइलवर जमलेलं पाणी एका बारीक पाइपाने गाडीखाली पडतं, तो चोंदला की तेच पाणी आत डाव्या पायाशी उतरतं. दुसरं पावसाचं, वायपरच्या खाली जी काळी जाळी असते तिच्याखाली पानं कुजून निचऱ्याची भोकं बंद होतात आणि पाणी ब्लोअरच्या वाटेने आत. करंज म्हणालात म्हणून मला हाच जास्त संशय.

कुठलं ते ओळखायला सोपं आहे. पाऊस नसेल तेव्हा अर्धा तास एसी लावून गाडी उभी ठेवा आणि खाली वाकून बघा, आपल्या हवेत टपटप पाणी पडलंच पाहिजे. पडत नसेल तर पाइप चोंदलाय. पडत असेल तर दुसऱ्या दिवशी एसी बंद ठेवून काचेच्या खालच्या कडेला मगाने हळूहळू पाणी ओता, आत एकाला बॅटरी घेऊन ग्लोव्ह बॉक्सखाली बसवा. दोन्ही एकदम करू नका, मग काहीच कळत नाही.

सीकेपीताई: लिंबू कापून ठेवा, कॉफी पावडर ठेवा असं सांगणारे येतीलच, कृपया नको 😀 ओलावा तसाच असताना बेकिंग सोडा टाकला तर त्याचा नुसता लगदा होतो. आणि कुणाचं ऐकून ब्लीच तर अजिबात कॉइलवर मारू नका, कॉइल अॅल्युमिनियमची असते, खराब होईल आणि तो वाफारा तुमच्याच नाकात जाईल. आमच्याकडे डिकीत सुकटीची पिशवी फुटली होती तेव्हाची लढाई वेगळीच, त्यावर वेगळा धागा काढेन.

एक मात्र बघा, वास गोडसर आणि काचेवर आतून चिकट धुकं येत असेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) गळत असेल. पेट्रोलचा किंवा सीएनजी किट असेल तर गॅसचा वास आला तर घरगुती प्रयोग न करता थेट मेकॅनिक. तुमचं तसं वाटत नाही.

धागाकर्ता: धन्यवाद सगळ्यांना. कार्पेट उचललं, फोम अक्षरशः पिळून पाणी निघालं!! एसी लावून बघितला, खाली टपटप व्यवस्थित पडतंय. मग जाळी काढली तर खाली करंजाच्या पानांचा काळा चिखल, भोकं दिसतच नव्हती. साफ केलं, मग पाणी ओतून बघितलं, आता आत येत नाहीये. डॅशबोर्ड खोलायचं रद्द. पण फोम या हवेत वाळणार कसा? सीट काढू का?

स्पॅनरपाना: सीट काढलीत तर उत्तम, पण सीटखाली पिवळा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅगचा असतो, बॅटरीची निगेटिव्ह काढून थोडा वेळ थांबा मगच हात लावा, आणि कनेक्टर सुटा असताना इग्निशन देऊ नका, नाहीतर एअरबॅगचा दिवा लागून बसेल. जमत नसेल तर सीट राहू दे, कार्पेटची कड उचलून खाली विटेचा तुकडा सरकवा आणि घरचा टेबलफॅन दारातून लावा. फोम आतून वाळायला वेळ लागतो, घाई करून वरचं कार्पेट दाबू नका. नंतरही एसीचा भपकारा राहिला तर फक्त कॉइलचा फोम स्प्रे मारून घ्या, फिल्टरच्या खाचेतून मारतात, डॅशबोर्ड खोलावा लागत नाही. नवीन टाकलेला फिल्टर पण काढून बघा, ओला झाला असेल तर गेला तो.