सॅटेलाइटवाली गाडी आणि बेसमेंटचा चार्जर (सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा)

ए-३०२: नमस्कार. इलेक्ट्रिक गाडी घ्यायची ठरलंय. खरं मुलगा म्हणतोय थांबा, आता गाडीच्या छतातच सॅटेलाइट इंटरनेट येणार. चोर्ला घाटातून गोव्याला जाताना रेंज जाते, त्यावर हाच उपाय म्हणे. थांबावं काय?

बी-१०४: काका, त्यासाठी थांबू नका ओ. आत्ताच्या गाड्यांत ई-सिम असतंय, म्हणजे मोबाईलचेच टॉवर. बाहेर सुरुवात झालीय. चीनच्या जीली या गाड्यांच्या कंपनीनं जून २०२२ मध्ये स्वतःचे ९ उपग्रह सोडले, त्यांच्या गॅलेक्सी ई८ गाडीमध्ये उपग्रहावरून कॉल-मेसेज होतात. पोरांना मागं बसून मॅच बघायची तर स्टारलिंकसारखं, म्हणजे उपग्रहावरून थेट इंटरनेट देणारं, काहीतरी पाहिजे.

सी-२०१: स्टारलिंकला भारतात परवाना मिळाला की!

बी-१०४: मिळाला, जून २०२५ मध्ये. खरं चोर्ल्यात काय करणार ताई? ते उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर, सारखे पळत असतात. एक गेला की दुसरा धरायचा, त्यासाठी आभाळ मोकळं पाहिजे. कणकुंबीपुढं बघा, वर झाडं, बाजूला डोंगर, आणि जुलैतला तो पाऊस! जोराच्या पावसातही सिग्नल पडतो.

ए-१०१: पाणी आलंय काय कुणाकडं?

सी-२०१: आलंय. मग जीपीएस कसं चालतंय झाडाखाली?

बी-१०४: भारी प्रश्न. जीपीएस दीड गिगाहर्ट्झच्या आसपास, पानांतून बऱ्यापैकी उतरतं. स्टारलिंकची डिश १०.७ ते १२.७ गिगाहर्ट्झवर ऐकते, ते ओल्या पानांत अडकतंय. म्हणून काका, घरच्या वायफायवर नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. नेट नसलं तरी रस्ता दिसतोय.

ए-३०२: आणि बॅटरी खात असेल ना ते?

बी-१०४: छोटी डिश ४० वॅट धरा. ५ तासांत २०० वॅट-तास, ४० युनिटच्या बॅटरीत अर्धा टक्का. एसी कितीतरी जास्त खातो.

सेक्रेटरी: आता कामाचं. बेसमेंटमध्ये चार्जर बसवायचं चाललंय. तिथं मोबाईलला एक दांडी येत नाही, स्लॅबखाली उपग्रह कुठनं येणार? ॲपवरच सुरू होणारा चार्जर नको, कार्ड लावून नेटशिवाय चालणारा बघा. वेगळ्या मीटरचं हेस्कॉममध्ये, म्हणजे वीज कंपनीत, विचारायला कोण जाणार?

ए-३०२: मी जातो. गाडी आधी बुक करू की चार्जर आधी?

सेक्रेटरी: चार्जर ओ! नाहीतर तिसऱ्या मजल्यावरनं वायर सोडाल.